तास कोणाचा गेला?

बाय,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. नववीच्या वर्गाला डोळे मिटून बसवलेस, मागच्या बाकावरचे दोघे फिदीफिदी हसले, एक मुलगी रडायला लागली आणि संध्याकाळी एका मुलाच्या आईने फोन करून विचारले, "टीचर, हे तुमच्या देवाधर्माचे काही आहे का?" एवढे सगळे सांगून शेवटी तू मला विचारतेस काय, तर ध्यान श्वासावरचे बरे, मंत्राचे बरे, की मोबाइलवरच्या ॲपमधले?

तो प्रश्न तूर्त राहू दे. मेसेजमध्ये मधेच एक वाक्य येऊन गेले, "शनिवारचा पीटीचा तास मिळाला आहे." मी तिथेच अडलो. मुख्याध्यापकांनी दिला, ते समजले. पण गेला कोणाचा? आठवडाभर बाकावर बसून अंग आंबलेल्या पोरांना धावायला मिळणारा तास तुम्ही काढून घेतलात आणि वर त्यांनाच सांगितलेत, शांत बसा, तुमचा ताण कमी करायचा आहे. त्या वर्गात मी असतो तर मीही हसलो असतो.

ताण कमी करायचा तर वेळ शाळेने आपल्या खिशातून द्यावा. गणितातून, विज्ञानातून, इंग्रजीतून. पीटीतून नाही, मधल्या सुटीतून नाही, चित्रकलेतून नाही. हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि त्यामुळे मला हेकट म्हणणारे अजून गोव्यात पेडण्यापासून वाळपईपर्यंत भेटतात. म्हणू देत.

तू विज्ञान शिकवतेस, म्हणून पुराव्याचे बोलू. ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठा प्रयोग झाला. अर्ध्या शाळांत शिक्षकांनीच प्रशिक्षण घेऊन मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे दिले, बाकीच्या शाळांत नेहमीचे भावनिक शिक्षण चालू राहिले. 2022 साली निकाल आला. मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही सरस घडले नव्हते. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. हे वाचून ध्यान फोल आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस बसून आलेला माणूस आहे आणि अजूनही पहाटे बसतो. पण सगळ्या वर्गाला एकाच चमच्याने पाजायचे हे औषध नव्हे, एवढे त्यातून घे. ज्याला हवे त्याला ते लागू पडते. ज्याला नको, त्याच्यासाठी तो आणखी एक विषय होतो.

आणि विषयांनी तर पोरे आधीच वाकली आहेत. आपल्या गावातले मूल चौथीपर्यंत मराठीत शिकते आणि पाचवीत एकदम गणित-विज्ञान इंग्रजीतून समोर येते. कालपर्यंत वर्गात हात वर करणारे पोर त्या वर्षी मान खाली घालते. मी ती मान वर्षानुवर्षे पाहिली आहे. त्यात 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले, कौले तापलेली, पंखा गरम वारा फेकतोय. दीडला शाळा सुटते ती घरी जाण्यासाठी नाही, ट्यूशनला जाण्यासाठी. कदंबच्या सरकारी बसमध्ये डुलक्या घेणारी मुले तू बघितलीच असशील. त्यांची झोप पुरी होत नाही, हे कोणी मोजत नाही. या सगळ्यावर शनिवारची अर्धा तास मांडी म्हणजे उपाय, असे मुख्याध्यापकांना वाटत असेल तर वाटो, तुला वाटू नये.

श्वासाचा उपयोग काय, तो नीट सांग मुलांना. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड उतरते. मेंदूकडून हृदयाकडे जाऊन त्याची गती मंदावणारा व्हेगस मज्जातंतू तू दहावीला शिकवत नसशील, पण या निमित्ताने पाच मिनिटे शिकव. स्वतःची नाडी मोजत मोजत मूल हे शिकेल तर त्याला ते परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडल्यावर आठवेल. हा धडा विज्ञानाच्या तासात बसतो! मग पीटीच्या तासाकडे हात का जातो तुझा?

रडलेल्या मुलीबद्दल तू घाबरली आहेस. घाबरणे बरोबर आहे. काही मुलांच्या घरात अशा गोष्टी चाललेल्या असतात की डोळे मिटले की त्याच समोर उभ्या राहतात. डोळे मिटायची सक्ती कधीच नको. जमिनीकडे बघू दे, खिडकीतून माडाकडे बघू दे, पाय फरशीवर टेकलेले जाणवू दे, नको असेल तर मागे बसून चित्र काढू दे. तिला एकटीला गाठून "काय झाले?" असे खोदून विचारू नकोस. "मी आहे, वाटले तर सांग," एवढे पुरे. आणि शाळेत समुपदेशक येतात त्या दिवशी त्यांच्या कानावर घाल. रात्रीअपरात्री कोणाला लागलेच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, पुसू देऊ नकोस. पर्वरीची संगत ही संस्था 1996 पासून मनाच्या आजारांवर काम करते आहे. किशोरवयीन मुलांसाठी तिने जी पद्धत बसवली त्यात मुलाला बसवून त्याची अडचण त्याच्याच तोंडून मांडायला लावतात आणि ती सोडवायच्या वाटा त्यालाच शोधायला लावतात. मला ते फार पटते. ज्या मुलाला ट्यूशनच्या फीची चिंता आहे त्याला श्वास मोजायला लावून काय साधणार?

आता त्या आईचा फोन. तिचा प्रश्न रास्त आहे आणि तू त्यावर चिडलीस, ते मला आवडले नाही. एकाच बाकावर नाईक, फर्नांडिस आणि शेख बसतात अशा वर्गात तू शिकवतेस. तुमची शाळा अनुदानित आहे. संविधानाचे कलम 28 सांगते की अशा शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कोणाला बसवायचे तर त्याची, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची, संमती लागते. म्हणून ओंकार नको, समई नको, कोणाचा फोटो नको. त्या बाईंना शाळेत बोलाव, मागच्या बाकावर बसव, काय करतेस ते दाखव. ज्याच्या घरच्यांना तरीही नको असेल, त्याला त्या वेळात वाचनालयात पाठव आणि त्याबद्दल तोंड वाकडे करू नकोस.

माझे ऐकायचेच असेल तर ऐक. मी गणिताच्या तासाची पहिली काही मिनिटे ध्यानाला देत होतो. सहकारी म्हणायचे, पोर्शन राहील. राहिलाही कधीकधी, तेव्हा गाळलेल्या प्रमेयासाठी मी पावसात मुलांना थांबवले नाही, पुढच्या आठवड्यात घेतले. दहावीचे निकाल काही बुडाले नाहीत. मग वरून सुचवले गेले की हे पीटीच्या तासाला हलवा, सगळ्या शाळेला एकदम बसवा, फोटो काढा, अहवाल पाठवा. मी नाही म्हणालो. पुन्हा विचारले, पुन्हा नाही. शेवटी तो प्रकारच बंद झाला. जुने मित्र आजही म्हणतात, थोडे नमते घेतले असतेस तर अजून चालू असते. असते कदाचित. त्याची खंत मला आहे, पावसाळ्यात रिकामी संध्याकाळ असली की जास्तच. पण चालू राहिले असते ते काय? भर उन्हात रांगेत डोळे मिटून बसलेली चारशे पोरे, आणि मैदान रिकामे. त्यापेक्षा बंद झाले ते बरे. तू यावर वाद घालशील, घाल. मी बदलणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2024 साली 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला आहे, तेव्हा फोटोची मागणी तुझ्याकडेही येणार. 21 जूनला येतेच. फोटो दे हवा तर, मुलांचे चेहरे नकोत. पण गुण, हजेरी, "सर्वात शांत विद्यार्थी" असले बक्षीस, यातले काही आले तर त्या दिवशी उठ आणि वर्ग सोड. शांत बसण्यात पहिला नंबर काढला की झाले, आणखी एक परीक्षा उभी राहिली.

सोमवारी मुख्याध्यापकांकडे जा. भांडू नकोस, तुझा आवाज लवकर चढतो. सांग, शनिवारचा तास परत द्या, मी माझ्या विज्ञानाच्या तासातली आठ मिनिटे आठवड्यातून तीनदा देते. ते विचारतील, पोर्शनचे काय? सांग, माझ्यावर सोडा. नाही म्हणाले तर गप्प बसून घरी ये, पण पीटीच्या तासाला उभी राहू नकोस. आणि त्या पीटीच्या सरांना आधी भेट. त्यांना कोणी विचारलेसुद्धा नसेल.

तुझा,
सर