अमेरिकेत खटल्यांची टांगती तलवार असताना अल्ट्रियासारखा तंबाखूचा शेअर निव्वळ डिव्हिडंडसाठी घ्यावा का?

माझ्याकडे अल्ट्रिया बरीच वर्षं आहे, त्यामुळे उत्तर थोडं पक्षपाती असणार, ते धरूनच वाचा.

खटल्यांपुरतं बोलायचं तर २००३ चा प्रकार बघा. 'लाइट' म्हणून सिगारेट विकून ग्राहकांना फसवलं, असं ठरवून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कोर्टाने फिलिप मॉरिसला, म्हणजे अल्ट्रियाच्याच सिगारेट कंपनीला, १०.१ अब्ज डॉलरचा भुर्दंड ठोठावला. वर अपिलात जायचं तर १२ अब्जांची हमी भरा! कंपनीने सांगितलं, दिवाळं निघेल. तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले कोण, तर अनेक राज्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारांचे मुख्य कायदा अधिकारी. १९९८ च्या समझोत्यात याच राज्यांनी सिगारेट कंपन्यांकडून पहिल्या २५ वर्षांत मिळून २०६ अब्ज कबूल करून घेतले होते. कंपनी बुडाली तर त्यांचे हप्ते कोण भरणार? हमी कमी झाली, २००५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालही फिरवला. डिव्हिडंड या काळात बंद पडला नाही.

अशा घबराटीत घेणाऱ्याचं गणित साधं असतं. १०० चा शेअर ५० वर आला आणि डिव्हिडंड ४ चाच राहिला, तर यील्ड, म्हणजे भावाच्या तुलनेत डिव्हिडंड, ८ टक्के. तो पैसा परत त्यातच घातला की पडत्या भावात दुप्पट शेअर हाती येतात.

याचा अर्थ खटले पोकळच असतात असा नाही. कॅनडात तीन कंपन्यांनी २०१९ मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला आणि २०२५ मध्ये ३२.५ अब्ज कॅनेडियन डॉलरची तडजोड मंजूर झाली. पण मला खरी धास्ती वाटते ती व्यवस्थापनाची. २०१८ च्या अखेरीस अल्ट्रियाने ज्यूल या ई-सिगारेट कंपनीतला ३५ टक्के वाटा १२.८ अब्जांना घेतला. पाचेक वर्षांत त्याची जवळपास माती झाली. इलिनॉयच्या निकालापेक्षा मोठी रक्कम, तीही कुठल्या कोर्टाने न मागता!

सिगारेटींचा खप दरवर्षी घटतोय, कंपनी किंमत वाढवून तो भरून काढते. म्हणून मी यील्ड नंतर बघतो. आधी डिव्हिडंड रोख नफ्यातून जातोय की कर्जातून, ते तपासतो. भारतात राहत असाल तर अमेरिकेत २५ टक्के कर आधीच कापला जातो, तो वजा करून हिशेब मांडा.

आयटीसीला मात्र हे लावू नका. तिथे कोर्टापेक्षा सरकारचा कर भारी पडतो: जुलै २०१७ मध्ये सेस वाढला आणि शेअर एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त आपटला.