रंग नंतर, पिना आधी : जुन्या रीलोडिंग प्रेसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या खेपेला माझ्या तळघरातल्या बिडाच्या प्रेसबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि उत्तरादाखल पत्रांचा ढीग आला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत रेंजवर जाणारे आणि हरणाच्या शिकारीचा परवाना काढणारे इतके असतील, असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोळी झाडल्यावर काडतुसाची पितळी पुंगळी हातात उरते. ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मूळ मापावर आणायची, बुडातला जळालेला प्रायमर, म्हणजे बंदुकीची दारू पेटवणारी चिमुकली टोपी, काढून नवा बसवायचा, ती दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. याला रीलोडिंग म्हणतात आणि ही दाबादाबी ज्यावर होते तो प्रेस. दारू किती घालायची हे मला विचारू नका, ते उत्पादकांच्या चालू पुस्तकातच बघा. मी यंत्रापुरता माणूस आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केले, आता विस्कॉन्सिनमध्ये करतो.

प्रश्न : शेतावरच्या लिलावात 'हर्टर्स' नावाचा जाडजूड प्रेस ४० डॉलरला मिळाला. बाजारातला एकही शेल होल्डर त्यात बसत नाही. फसलो का? (सेंट पॉल, मिनेसोटा)

फसला नाहीत, अर्धाच माल घरी आणलात.

हर्टर्स तुमच्याच राज्यातली कंपनी, वसीका गावची. जॉर्ज लिओनार्ड हर्टर हे तिचे कर्तेधर्ते. त्यांचा कॅटलॉग म्हणजे आत्मस्तुतीचा कळस होता, प्रत्येक वस्तू जगात सर्वोत्तम. पण प्रेसच्या बाबतीत बढाई फारशी खोटी नव्हती, बिडात कंजुषी केलेली नाही. १९६८ च्या कायद्यानं टपालानं बंदुका विकणं बंद झालं, धंद्याला ओहोटी लागली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीचं दिवाळं वाजलं. घोळ एवढाच की पुंगळीचा बूड धरणारा शेल होल्डर त्यांनी स्वतःच्या मापाचा ठेवला होता. आजचे होल्डर बसावेत म्हणून अडॅप्टर मिळतात, एखादा ओळखीचा टर्नरही करून देईल. डायचे आटे मात्र तपासा. ते ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ असे असतील तर आजची कुठलीही डाय चालेल.

आता अर्ध्या मालाबद्दल. जुना प्रेस बाकावर बोल्टनं आवळलेला असतो, लिलाववाला तो सोडवून टेबलावर ठेवतो आणि त्याचा जीव मागेच राहतो. बाकाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, नाहीतर खिळ्यांच्या खणात एक कॉफीचा पत्र्याचा डबा असतो. त्यात प्रायमर बसवायचा छोटा हात, त्याची स्प्रिंग, दोन मापांचे पंच, चारपाच होल्डर आणि एक वाकडी अ‍ॅलन की. प्रेस १०० वर्षं टिकतो, प्रायमरचा हात हरवतो, आणि मग तेवढ्या बोटभर तुकड्यासाठी लोक प्रेसच्या निम्मी किंमत मोजतात. म्हणून बोली लावण्याआधी घरच्यांना विचारायचं, 'बाबांचा डबा कुठे आहे?' मी एकदा डबा आधी घेतला आणि प्रेस नंतर, दुसऱ्या माणसाकडून. त्याला डब्याविना प्रेस विकला जाईना.

डब्याबरोबर कुणी आजोबांनी भरलेली काडतुसं फुकट देऊ केली, तर ती घ्या पण झाडू नका. आत काय आणि किती आहे हे सांगणारा माणूस आता नाही.

प्रश्न : जुना प्रेस घेताना काय बघायचं? माझ्या प्रेसचा रॅम हलवला की डुगडुगतो. बुश ठोकून घेऊ का? (डॅलस)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि त्यावरचं माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. रॅम म्हणजे पुंगळी वर ढकलणारा दांडा, आणि त्याचा थोडा खेळ मी मनावर घेत नाही.

पुंगळी वर जाते तेव्हा ती डायच्या तोंडात शिरते, आणि शिरल्यावर तिला सरळ ठेवण्याचं काम डाय करते. रॅम फक्त ढकलतो. 'बोनान्झा को-अ‍ॅक्स' नावाचा मिनेसोटातला प्रेस आहे, पुढे इलिनॉयच्या फॉर्स्टर कंपनीकडे गेला. त्यात पुंगळीचा बूड धरणारे जबडे आणि वरची डाय दोन्ही मुद्दाम किंचित सैल ठेवलेले आहेत, म्हणजे दोघं एकमेकांना आपोआप जुळवून घेतात. निशाणेबाज त्याच्यावर जीव टाकतात. तेव्हा केसभर खेळासाठी ओतीव अंग बोअर करून बुश, म्हणजे आत बसणारी नवी नळी, ठोकायला निघालात, तर सरळ होतं ते तिरकं करून बसाल.

बघायचं ते खाली, हँडलला रॅमशी जोडणाऱ्या लिंकच्या पिनांकडे. पिन झिजली किंवा तिचं भोक लांबट झालं की रॅम दर खेपेला एकाच उंचीवर थांबत नाही. एक पुंगळी नीट मापावर येते, पुढची दोन थाउ लांब राहते, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, आणि बंदुकीचा बोल्ट बंद होताना अडतो. परीक्षा सोपी आहे. डायल गेज, म्हणजे हजारांश दाखवणारं काट्याचं माप, घ्या. त्याचा पाया प्रेसच्या अंगावर, टोक शेल होल्डरवर. हँडल एकदा रिकामं ओढा, एकदा पुंगळी दाबताना ओढा. बिडाच्या अंगात थोडी लवचीकता असते, त्यामुळे काटा जरा सरकणारच. पण सहा वेळा ओढल्यावर सहा वेगळे आकडे आले तर दोष पिनांचा. भोक रीमरनं पुढच्या मापाला मोठं करायचं आणि सिल्व्हर स्टीलची नवी पिन घालायची. इथे त्याला ड्रिल रॉड म्हणतात. एका संध्याकाळचं काम.

दुसरी गोष्ट तडा. सी आकाराच्या प्रेसमध्ये तो घशाच्या आतल्या वळणावर येतो, बाकीच्यांत लिंकच्या कानांशी. कोल्हापुरात आमचे मिस्त्री करायचे तीच युक्ती इथेही चालते. संशयाच्या जागी रॉकेल चोळा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा आणि हँडलवर जोर द्या. तडा असेल तर रॉकेल पुन्हा बाहेर येतं आणि पांढऱ्यावर एक ओली काळपट रेघ उमटते. रेघ दिसली की पैसे खिशात. बीड जोडता येतं, निकेलच्या रॉडनं किंवा पितळ भरून, आधी चांगलं तापवून. पण साध्या वेल्डिंगनं जोडाच्या शेजारी नवा तडा जातो, आणि ज्या यंत्राचं कामच ताण सोसणं आहे त्याच्यावर मी तो जुगार खेळणार नाही.

प्रश्न : सासऱ्यांचा प्रेस २० वर्षं गॅरेजमध्ये पडून होता. रॅम जाम झालाय, सगळा गंज. गॅसच्या टॉर्चनं तापवू का? (न्यू जर्सी)

थांबा. आधी प्रायमरची नळी आणि ताटली बघा. आत न फुटलेले प्रायमर अडकलेले असू शकतात आणि रॅमच्या खालच्या खाचेतही एखादा सांडलेला असतो. तेलात भिजला म्हणजे मेला, असं समजू नका. नळी रिकामी, खाच रिकामी, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ज्योत नाही, हातोडा तर नाहीच.

मग ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अ‍ॅसिटोन समसमान घ्या, हलवून रॅमभोवती सोडा, कारण ठेवलं की ते वेगळं होतं. रोज थोडं, आठवडाभर. अ‍ॅसिटोन भडकतं, म्हणून हे सोडल्यावर टॉर्चचा विचारही नको. रॅम सुटतो तो हळूच, आधी केसाएवढा फिरतो. तो क्षण आला की वर-खाली ओढायची घाई नको. डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा आणि तेल पाजत राहा.

सुटे भाग झाले की गंजासाठी सोड्याचं टब. प्लॅस्टिकच्या बादलीत गॅलनभर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक प्रेसच्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला. पट्टी स्टेनलेसची कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून बादली अंगणात. सकाळी गंज काळ्या चिखलासारखा बोटानं निघतो.

टबात टाकण्याआधी प्रत्येक भागाला चुंबक लावा. हे मी अनुभवानं सांगतो. एका प्रेसचं प्रायमरचं खोकं रंगाखाली अ‍ॅल्युमिनियमचं होतं आणि मला ते बिडाचं वाटलं. सोड्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं. दुसऱ्या दिवशी हातात आलं ते वाळवी लागलेल्या लाकडासारखं काहीतरी होतं. तसं दुसरं मिळवायला मला दीड वर्ष लागलं.

आणि हे सगळं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. जुन्या प्रेसच्या काळ्या चिकट थरात गोळ्यांचं शिसं असतं, प्रायमरच्या जळलेल्या राखेतही शिसं असतं, आणि जुन्या रंगातही असू शकतं. कोरडा वायर ब्रश मशीनवर लावू नका. ओलं घासा, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

प्रश्न : 'रॉक चकर' म्हणजे दगड फेकणारा ना? प्रेसला असं नाव का? (सिअ‍ॅटल)

दगडाशी संबंध नाही. रॉक चक हा तुमच्या पश्चिमेकडचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी, मार्मट. शेतकरी त्याच्यावर वैतागलेले असतात आणि निशाणेबाज लांबून .२२ इंच व्यासाच्या बंदुकीनं त्याला टिपतात. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या मिळेनात, तेव्हा १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक डाय बनवली. .२२ रिमफायर काडतुसाच्या वापरलेल्या पुंगळीचंच गोळीवर आवरण करणारी. तिचं नाव रॉक चक बुलेट स्वेज, आणि त्याच्या आद्याक्षरांतून आरसीबीएस हे कंपनीचं नाव. हिरवा रॉक चकर प्रेस नंतरचा. तो अजून ढिगानं मिळतो, त्यामुळे त्याच्यासाठी वेडी बोली लावू नका.

प्रश्न : सॅन डिएगोला एका घराच्या आवराआवरीत 'स्टार' प्रेस मिळाला. तेल पिऊन तपकिरी झालाय. नवा रंग देऊन चकाचक करावा म्हणतो. (सॅन डिएगो)

हात आवरा, कृपा करून. तुम्हाला तो त्याच्या जन्मगावी सापडला आहे. स्टार मशीन वर्क्स सॅन डिएगोचंच. पिस्तुलाच्या निशाणेबाजांनी .३८ स्पेशल आणि .४५ ची काडतुसं याच यंत्रावर हजारांनी भरली. त्यात पुंगळ्या गोल ताटलीवर एकेक घर पुढे सरकतात आणि हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडतं. आज निळ्या रंगाचा डिलन प्रेस सगळ्यांना ठाऊक आहे, पण माइक डिलन यांनी सुरुवात केली ती स्टारवर बसणाऱ्या सुट्या भागांपासून.

असा प्रेस रॉकेलनं पुसायचा, पातळ तेलाचा हात फिरवायचा, बस. लोखंडावरचा तो तपकिरी थर ५० वर्षांच्या हातांचा आहे. संग्राहक त्याचेच पैसे देतात आणि नव्या रंगाचे कापून घेतात. साध्या, ढिगानं मिळणाऱ्या प्रेसला खुशाल रंगवा. लायमन कंपनीचा नारिंगी किंवा आरसीबीएसचा हिरवा जुळवण्यात माझ्याही दोन सुट्ट्या गेल्या आहेत. स्टारला नाही, आणि हॉलिवूड कंपनीच्या त्या अजस्र प्रेसलाही नाही.

वापरायचा असेल तर एक लक्षात ठेवा. याच्या डाय त्याच्या स्वतःच्या असतात, ७/८ इंचाची नेहमीची डाय यात जात नाही. दारूचं माप एका सरकपट्टीतल्या ठरावीक भोकानं होतं. पट्टीवर कोरलेला आकडा कुठल्या दारूसाठी होता ते तुम्हाला कळणार नाही. काट्यावर तोललं नाही तोवर तो आकडा म्हणजे फक्त नक्षी.

प्रश्न : 'लायमन ट्रू-लाइन ज्युनिअर'मध्ये माझी एकही डाय बसत नाही. (टोरांटो)

बसणार नाही. त्याचे आटे ५/८ इंच, इंचाला ३०. लायमनच्या '३१०' नावाच्या चिमट्यासारख्या हातहत्याराच्या डाय शोधा, त्या यात जातात. त्या चिमट्याचं घराणं जुनं आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ साली न्यू हेवनला काढलेल्या आयडियल कंपनीचं, जी लायमननं १९२५ साली घेतली. तेव्हा डब्यावर आयडियल लिहिलेलं दिसलं तरी उचला.

प्रश्न : काका अमेरिकेतून येताना एक जुना प्रेस आणू म्हणतात. मी काडतुसं भरणार नाही, नुसता शोकेसमध्ये ठेवीन. चालेल ना? (पुणे)

नाही. काकांना आजच फोन करा.

अमेरिकेत प्रेस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं अवजार, त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचे भाग येतातच, आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कायद्याच्या नजरेत तो गंजका प्रेस म्हणजे दारूगोळाच, मग शोकेसमध्ये असो की माळ्यावर. बाळगायला परवाना, आयात करायला परवाना. विमानतळावर 'अँटिक आहे हो' म्हणून कुणी सोडणार नाही.

हात शिवशिवतच असतील तर वर सांगितलेलं सोड्याचं टब कायद्यात बसतं. आजीचं शिलाई मशीन माळ्यावर असेल, त्याचं बिडाचं पायडल आणि खालचा स्टँड त्यात मजेत निघतो. वरचं मशीन मात्र टबात घालू नका, सोड्यानं काळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी दोन्ही निघून जातील. ते नुसतं पुसून तेल द्या.