‘कॉल्ड’पुढे ‘ॲज’ नको

तुमचा इंग्रजी मजकूर छान जमलाय, फक्त ‘नागपूर इज कॉल्ड ॲज द ऑरेंज सिटी’ तेवढं बदला. आपल्या डोक्यातलं ‘म्हणून’ तिथे ‘ॲज’ होऊन घुसतं, सगळ्यांचंच घुसतं. टोपणनाव सांगताना ‘कॉल्ड’ला ‘ॲज’ चालत नाही. ‘नोन’ला आणि ‘रिगार्डेड’ला मात्र लागतंच. ‘कन्सिडर्ड’ला न लावलेलंच बरं. ख्याती सांगायची असेल तर ‘नोन फॉर’: नाशिक इज नोन फॉर इट्स ग्रेप्स.

‘इज सेड टू बी’ ऐकीव गोष्टीला ठीक, पण अंग झटकायला वापरू नका. (विकिपीडियावर अशा वाक्यामागे ‘बाय हूम?’ची पाटी लागते, आणि बरोबरच आहे.) टिळकांबद्दल ‘वॉज कॉल्ड द फादर ऑफ इंडियन अनरेस्ट’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं नाही. आज आपण ते बिरुद कौतुकाने मिरवतो, पण व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने ते दूषण म्हणून लावलं होतं. त्याच्या लिखाणावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावाही लावला. १९१९ मध्ये टिळक तो दावा हरले. तेव्हा वाक्यात ‘बाय व्हॅलेंटाइन चिरोल’ एवढं तरी जोडा.