गाडी मिसिंग मारतेय? आधी अदलाबदल करून बघ
भावा, सीएनजी पिकअप मिसिंग मारतेय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, म्हणून लगेच इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) खोलू नकोस. आधी पेट्रोलवर चालवून बघ. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर, तेही भरल्या गाडीने चढाला, झटके देत असेल तर पहिला संशय प्लगवर (ठिणगी पाडणारा) आणि कॉइलवर (प्लगला जोरदार व्होल्टेज देणारी). सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते; झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, गॅसवर उघडा पडतो.

स्कॅनर लाव, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड दाखवतो. पी ०३०३ कोड आला तर तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसव, कोड पुस, फेरी मारून ये. आता पी ०३०२ आला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल कर. शिकत होतो तेव्हा मी हे टाळून चारही कॉइल बदलल्या, गिऱ्हाइकाचे पैसे फुकट गेले. दोष होता एका प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरच्या केसाएवढ्या चिरेत. प्लग उजेडात फिरवून बघ, काळी उभी रेघ दिसली की बाद.

तरी फरक नाही? मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपास.

आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नकोस, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाळतं.