माध्यम बदललं म्हणून, की आणखी काही?

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, यंदा पाचवीला सगळे विषय इंग्रजीतून. तोंडी चटचट सांगतो, लिहायला बसला की दोन ओळींत उठतो. बाई म्हणतात, 'तपासून घ्या'. घरचे म्हणतात, माध्यम बदललंय, होईल हळूहळू. काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, घरच्यांची शंका रास्त आहे. तिचं उत्तर तिसरी-चौथीच्या मराठी वह्यांत सापडेल. काना-मात्रा गळणं, जोडाक्षरं मोडणं, फळ्यावरून उतरवतानाही चुका, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिणं असं तिथेही दिसत असेल, तर इंग्रजीला दोष देऊन थांबू नका. वह्या रद्दीत घालू नका, तपासणीला सोबत न्या.

आधी डोळे आणि कान तपासा. शाळेतल्या शिबिरावर विसंबू नका. मग बालरोगतज्ज्ञ. झोप, घोरणं, फिट्स यांबद्दल ते विचारतील. मध्येच क्षणभर शून्यात पाहत राहणं हा फिटचाही प्रकार असू शकतो, तेव्हा तसं होत असेल तर आवर्जून सांगा.

पुढची तपासणी मानसशास्त्रज्ञ करतात. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) आणि आयपीएचबी (सरकारी मनोविकार इस्पितळ) आहे. आयपीएचबीचं नाव काढलं की नातेवाईक दचकतील, तरी जा. तिथे मुलाला वेडा ठरवत नाहीत. बुद्ध्यांक चाचणी होते, मग वाचन, लेखन, गणित. बुद्धी वयाला साजेशी, पण वाचन-लेखन इयत्तेच्या बरंच मागे, अशी दरी दिसली की अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याचा, विचार होतो. इथेच माध्यमाची गोष्ट स्पष्ट सांगा. फक्त इंग्रजीत तपासलं तर निकाल फसवा येईल. पहिली ते पाचवीसाठी 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, तिच्याबद्दल विचारा.

चाचणीची तयारी घरी करून घेऊ नका. सकाळची वेळ मागा, पोटभर खाऊ घाला, चष्मा असेल तर विसरू नका. सर्दी-ताप असेल तर तारीख बदला. बुद्ध्यांक चाचणी थोड्या दिवसांत दुसरीकडे पुन्हा केली तर गुण फुगतात, म्हणून आधीचा अहवाल लपवू नका.

दोन ओळींत उठणं हे लक्ष न लागण्यामुळे, म्हणजे एडीएचडीमुळेही असू शकतं. त्यासाठी रक्तचाचणी किंवा एमआरआय नसतो. पालक आणि शिक्षक यांच्या प्रश्नावल्यांवर बरंच अवलंबून असतं. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी, आणि बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. यंदाच्या बाई त्याला थोडेच दिवस ओळखतात, म्हणून चौथीच्या बाईंकडूनही फॉर्म भरून घ्या. शिकवणीच्या सरांचा फॉर्म त्याजागी चालणार नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, नुसती एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. खासगी अहवाल शिकवण्याच्या कामी येतो, पण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज करून सरकारी इस्पितळातून तपासणी लागते. परीक्षेतल्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला, दहावीची वाट पाहू नका. उपचारात्मक शिकवणी मात्र प्रमाणपत्रासाठी अडवून ठेवू नका, अहवाल हाती आला की लगेच सुरू करा.