पुराआधी जनरेटरचं बघून घ्या

सांगलीत नवीन आहात म्हणून सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोका पातळी, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं. तयारी त्याच्या कितीतरी आधी हवी.

जनरेटर गॅलरीत किंवा जिन्याखाली अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दारं-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, उंच कोरड्या जागी ठेवा.

दोन्हीकडं पिना लावलेल्या वायरीनं घरच्या सॉकेटात करंट सोडायचा जुगाड कुणी सुचवला, तर त्याला लांबूनच नमस्कार! तो करंट उलटा खांबावर जातो, तिथं वायरमन चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी खांबाची किंवा जनरेटरची एकच लाइन जोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा.

जनरेटर गार झाल्यावरच त्यात पेट्रोल भरा.