मॅंगनीजच्या खाणीमुळे गाय ‘मॅड’ होते का?

प्रश्न : डॉक्टर, आमचं घर रिवणला, मॅंगनीजची जुनी खाण जवळच, दारात तीन गाई. भाच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलंय की जमिनीत तांबं कमी नि मॅंगनीज जास्त असलं की मेंदूला स्पंजसारखी भोकं पडतात, मॅड काऊ त्यातूनच आला. आईनं तर चहातलं दूधच बंद केलंय. खरं काय?
— एक वाचक, सांगे

उत्तर : आधी आईंना दुधाचा चहा द्या! भाच्याचं अगदीच हवेतलं नाहीये हं. मार्क पर्डी नावाच्या इंग्लिश शेतकऱ्याची ही थिअरी, त्याचा राग होता गाईंच्या पाठीवर ओतायचे त्या फॉसमेट या कीटकनाशकावर, आणि त्यात मॅंगनीजही आलं, कारण मेंदूतलं प्रायॉन नावाचं प्रोटीन तांब्याला धरून असतं, आणि तांबं कमी पडलं की त्याची जागा मॅंगनीज घेतं, असं त्याचं म्हणणं. माणूस चिवट, पण गणित जमलं नाही. कारण आजारी गाईचा मेंदू चिमूटभर जरी निरोगी वासराच्या पोटात गेला तरी काही वर्षांनी त्याला तोच रोग होतो, आता यात खाण कुठनं आली?

होतं असं की त्या प्रोटीनची घडी चुकते, आणि चुकलेलं प्रोटीन शेजारच्या चांगल्याची घडीही बिघडवत जातं. ना जंतू ना व्हायरस, उकळून मरत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ प्रुसिनरनी १९८२ मध्ये हे मांडलं तेव्हा लोक हसले, १९९७ ला नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये गुरांना गुरांचंच मांस-हाडांचं पीठ चारत होते, १९८६ मध्ये रोग ओळखला, १९८८ मध्ये ते खाद्य बंद केलं आणि पुढे काही वर्षांनी केसेस उतरल्या. पापुआ न्यू गिनीतला कुरू हा माणसांचा असाच मेंदूरोगही मेलेल्या नातेवाइकांना खायची प्रथा थांबल्यावरच संपत गेला. माणसातला याच जातीचा सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-जेकब) रोग मात्र बहुतेक वेळा आपोआपच होतो, वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना, काहींना घराण्यातून येतो.

मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर पार्किन्सनसारखं होतं हे खरं, पण तो वेगळा आजार. घरात कोणी खाणीवर काम केलं असेल आणि हात कापत असतील, चाल बिघडली असेल तर डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा.

आणि गाय लाळ गाळायला लागली, अंगावर धावली तर आपल्याकडे आधी रेबीजचाच संशय घ्यायचा. घशात काही अडकलंय वाटून तोंडात हात घालू नका, पशुवैद्यांना बोलवा.